किसेल्योव्ह आणि बटाट्याचे दंगे

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

रशियाचा सेनानी आणि पुढं मंत्री झालेला पावेल किसेल्योव्ह सेनानी म्हणून कसा होता, असं तू विचारलंस. नेपोलियनविरुद्ध बोरोदिनोच्या लढाईत तो लढला, 1819 पासून रशियाच्या दुसऱ्या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ होता. पण माझ्या मते त्याची खरी लढाई जमिनीची. भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांना, हळूहळू मोकळं करावं असं टिपण त्यानं 1816 मध्येच झारला दिलं होतं.

1829 ते 1834 तो वालाकिया आणि मोल्दाव्हिया (आजच्या रुमेनियाच्या भागातली दोन संस्थानं) यांचा रशियातर्फे कारभारी होता. तिथं प्लेग-कॉलऱ्याशी झुंजला, डॅन्यूबवर क्वारंटाइनची ठाणी बसवली, किरकोळ कर मोडून एकच डोईपट्टी आणली. वेठ मात्र सुटली नाही. नव्या कायद्यात वर्षाला फक्त 12 दिवस लिहिले होते, पण ‘एका दिवसाचं काम’ किती, याचं माप बोयारांच्या, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदारांच्या, सोयीनं ठरलं. ते उरकायला माणसाला दोन-तीन दिवस लागत. किसेल्योव्ह बोयारांवर चिडायचा, पण सभेत बहुमत त्यांचंच.

1837 च्या अखेरीस झार निकोलाय पहिल्यानं त्याच्यासाठी नवं खातंच काढलं : सरकारी जमिनी आणि त्यांवरचे लक्षावधी शेतकरी. त्यानं जमिनी मोजायला घेतल्या, डोईऐवजी जमिनीच्या उत्पन्नावर सारा बसवायला सुरुवात केली, शाळा आणि धान्याची कोठारं काढली. इथवर सगळं रास्त होतं. पण खातं, प्रांत, जिल्हा, तालुका, गाव अशी कारकुनांची उतरंड उभी राहिली आणि तिचा भार शेतकऱ्यावरच पडला.

त्यात बटाटा आला. पिकं बुडाल्यावर 1840 मध्ये हुकूम निघाला की गावकीच्या जमिनीतला तुकडा काढून सगळ्यांनी मिळून बटाटा लावायचा. उपासमारीवर उपाय म्हणून कल्पना चांगलीच होती. गावकऱ्याला मात्र वेगळंच दिसलं : आपली जमीन घेतली, वर हुकमानं एकत्र राबायचं, म्हणजे जमीनदाराची वेठच. ‘आपल्याला कुणा मालकाच्या हवाली करणार’ अशी आवई उठली. पर्म, व्यात्का, कझान भागांत दंगे पेटले, फौजा गेल्या, गोळ्या झाडल्या, फटके मारले. पुढं सक्ती सोडून बक्षिसं देऊन बटाटा पसरवावा लागला. माझ्या लेखी चूक पिकाची नव्हे, कुणी गावात बसून समजावलं नाही याची.

खाजगी भूदासांसाठी त्यानं 1842 चा कायदा करवून घेतला : जमीनदारानं करार करून भूदासाला मोकळं करावं आणि ठराविक देण्याच्या बदल्यात जमीन कसू द्यावी. पण करार करणं जमीनदाराच्या मर्जीवर ठेवलं. मग कोण करणार? मोजक्यांनीच केला.

क्रिमियन युद्धानंतर, 1856 मध्ये, त्याला राजदूत करून पॅरिसला पाठवलं. 1857 मध्ये त्याच्या खात्यावर मिखाईल मुराव्योव्ह बसला, तो भूदासमुक्तीचा विरोधक. तरी 1861 च्या मुक्तीचा मसुदा घडवण्यात पुढं होता निकोलाय मिल्युतिन, किसेल्योव्हचा सख्खा भाचा. मामा तेव्हा पॅरिसमध्येच होता. 1862 मध्ये राजदूतपद सोडलं, 1872 मध्ये तिथंच वारला. बुखारेस्टमध्ये त्याच्या नावाचा रुंद रस्ता आजही आहे.

तुझा,
अनंत