परराष्ट्रमंत्री साहेब, लाल समुद्रात गडबड झाली की सोलापुरात कारखान्याची पाळी बंद पडते

मा. एस. जयशंकर साहेब,
नमस्कार. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात गॅलक्सी लीडर नावाचं मालवाहू जहाज पळवलं तेव्हा ती आम्हाला टीव्हीवरची बातमी वाटली. दोन महिन्यांत युरोपचा माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला, दहा-चौदा दिवस जास्त, भाडं काही पटीत. आता आमचा माल एफओबी जातो, म्हणजे जहाजाचं भाडं गिऱ्हाईक भरतं, कागदावर आमचं काहीच जात नाही, पण तेच गिऱ्हाईक मेल करतं की थांबा जरा, भाडं उतरू द्या, मग पाठवा. मग खोकी गोडाऊनमध्ये छतापर्यंत. प्रत्येक टॉवेलला तिकडच्या दुकानाचं लेबल, किंमत युरोत छापलेली, इथल्या बाजारात काढायची पण सोय नाही. सूतवाल्याला पैसे ठरल्या तारखेलाच लागतात, बँकेचं व्याज चालूच. शेवटी एक पाळी बंद केली. शिलाईच्या बायका डबा घेऊन गेटवर आल्या आणि तशाच परत गेल्या, ते मला अजून दिसतं.

नौदलाबद्दल एक शब्द वाकडा नाही बरं का. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने रुएन जहाजावरचे 35 चाचे पकडून मुंबईला आणले, तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर परत परत बघितला, ऊर भरून आला. तुम्ही पण त्याच वर्षी जानेवारीत तेहरानला जाऊन जहाजांवरच्या हल्ल्यांचा विषय काढलात. पण नौदल जहाज वाचवेल, भाडं कसं उतरवेल? ते परदेशी कंटेनर कंपन्यांच्या हातात, कारण आपला बहुतेक माल त्यांच्याच जहाजांतून जातो.

जहाजं तुमच्या खात्यात येत नाहीत, माहितीये. तरी सुरक्षेच्या बैठकीत तुम्ही बसता म्हणून तुम्हालाच लिहितोय. 2025 च्या बजेटमध्ये सागरी विकास निधी जाहीर झाला, 25,000 कोटींचा, त्यातून आपल्या मालकीची कंटेनर जहाजं आधी येऊ द्या. आणि लाल समुद्राच्या तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी असो नाहीतर इराणजवळची होर्मुझ, रस्ता अडला की छोट्या निर्यातदाराचे कर्जाचे हप्ते त्याच आठवड्यात पुढे ढकलायचा नियम आधीच करून ठेवा, आम्ही अर्ज घेऊन बँकेत खेटे घालेपर्यंत मागाला कुलूप लागतं.

सोलापूरला आलात तर आमच्या गोडाऊनला या. त्या वर्षीची लेबल लागलेली काही खोकी अजून तिथंच आहेत.

आपला,
एक टॉवेलवाला, सोलापूर