आमच्या आजोबांच्या निगेटिव्ह्ज जपणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या हिवाळ्यात आपण आमच्या आजोबांच्या निगेटिव्ह्ज स्वच्छ करून त्यांचे प्रिंट आमच्या हाती दिले, तेव्हा तोंडी आभार मानले होतेच. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण नागपुरातल्या कितीतरी घरांत असे डबे माळ्यावर पडून असतील आणि ते उघडण्यापूर्वी आपण काम कसे केले हे त्या घरांनाही कळावे असे मनापासून वाटते.

डबा पाहताच आपण पहिला प्रश्न विचारला तो हा, की घरात तो कुठे ठेवलेला होता. महालातल्या आमच्या घरी ज्या खोलीत कूलर लागतो, तिथल्याच कपाटात तो वर्षानुवर्षे होता. बाहेर ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा, आत कूलरची दमट हवा आणि त्यापाठोपाठ पावसाळा, असे चक्र दरवर्षी चालले. निगेटिव्हवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. तो ओलाव्याने फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि बुरशीला तर ते आयते खाद्यच मिळते. काही निगेटिव्ह्ज बटर पेपरला घट्ट चिकटल्या होत्या, त्यामागचे कारण आम्हाला तेव्हा प्रथम समजले.

आपण हातमोजे घालून प्रत्येक निगेटिव्ह कडेने धरली, प्रकाशाच्या पेटीवर पाहिली आणि साफसफाईला हात घालण्याआधी त्यांची नुसती वर्गवारी केली. कडेवर ‘सेफ्टी’ ही अक्षरे आहेत का, हे आपण आधी तपासले, कारण सेफ्टी फिल्मच्या आधीच्या काळातली नायट्रेट फिल्म भडकन पेटते आणि तिची आग पाण्यानेही विझत नाही. आमच्या निगेटिव्ह्ज सुदैवाने अ‍ॅसिटेटच्या, म्हणजे सेफ्टी फिल्मच्याच, निघाल्या. त्यांतल्या ज्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता त्या आपण ताबडतोब वेगळ्या काढल्या. कुजणाऱ्या फिल्ममधून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही खराब करते, हे आपण माझ्या आत्याला इतक्या शांतपणे समजावून सांगितले, की आता तीच नातेवाइकांना सांगत असते.

त्याआधी एका दुकानात या निगेटिव्ह्ज साबणाच्या पाण्यात बुडवून देण्याची तयारी दाखवली गेली होती. तसे झाले असते तर काय गेले असते, याची कल्पना आज येते. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते आणि डागाबरोबर चित्रही निघून जाते. आपण फक्त ब्लोअरने धूळ उडवली, मऊ ब्रश फिरवला, चकचकीत बाजू ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसली आणि चित्राच्या मंद बाजूला द्रवाचा थेंबही लागू दिला नाही. चिकटलेल्या निगेटिव्ह्ज ओढून सोडवण्याचा आग्रह आमच्यातल्या काहींनी धरला, तेव्हा आपण त्या तशाच परत केल्या. या नकाराबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे.

प्रिंटसाठी आपण आम्हाला थंडी पडेपर्यंत थांबायला लावले. डेव्हलपरचे, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान २० अंशांच्या आसपास राहावे लागते आणि नागपुरात मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. बर्फ घालून काम उरकता आले असते, पण आपल्याला ते उरकायचे नव्हते. आधी आपण सगळ्यांचे कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तिच्याच आकाराचे प्रिंट, काढले. बॉक्स कॅमेऱ्याच्या ६ × ९ सेंटीमीटरच्या आणि पुढे अ‍ॅग्फा क्लिक थ्रीच्या ६ × ६ सेंटीमीटरच्या चौकटी एका कागदावर आल्या, आणि आत्याने भिंग घेऊन एकेका चेहऱ्याखाली नावे लिहिली. कोणता फोटो मोठा करायचा हे त्यानंतरच ठरले.

तान्ह्या पोळ्याच्या फोटोबद्दल मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे. भर उन्हात लाकडी नंदीबैल घेऊन उभी असलेली मुले, मागे पांढरेफटक आभाळ आणि टोप्यांच्या सावलीत हरवलेले चेहरे, अशी ती निगेटिव्ह होती. आपण मला डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभे राहू दिले. एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती आपण चेहऱ्यांवर सतत हलवत होता, जेणेकरून तिथे प्रकाश कमी पडावा आणि चेहरे उजळावेत. मग हाताच्या आडोशाने बाकीचे झाकून आभाळाला जास्त वेळ दिला. ब्रोमाइड पेपर, म्हणजे फोटोचा कागद, डेव्हलपरमध्ये गेला आणि माझे वडील, सहा वर्षांचे, डोळे बारीक करून बैलाची दोरी धरलेले, माझ्यासमोर हळूहळू उमटले. त्यांच्या बालपणीचा एकही फोटो मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

आजीच्या फोटोत गालावर बुरशीचा डाग आहे. तो गाल रंगवून पूर्ण करावा, अशी आमची इच्छा होती. आपण प्रिंटवरचे धुळीचे बारीक ठिपके ब्रशने बुजवले, पण निगेटिव्हमध्येच जे उरलेले नाही ते आपल्या मनाने रंगवायला नम्रपणे नकार दिला. तेव्हा थोडे वाईट वाटले. आता तो फोटो दिवाणखान्यात आहे आणि आपला निर्णय बरोबर होता असे माझे ठाम मत आहे, कारण आत्या त्या चेहऱ्याकडे पाहून ‘हीच माझी आई’ म्हणते; रंगवलेल्या गालाबद्दल तिला तसे म्हणता आले नसते.

हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, कागदात राहिला तर फोटो पुढे पिवळा पडतो म्हणून आपण प्रत्येक प्रिंट पाणी बदलत तासभर धुतला. निगेटिव्ह्ज परत देताना प्रत्येकीला आम्लरहित कागदाचे स्वतंत्र पाकीट होते आणि वरची माहिती पेन्सिलीने लिहिलेली होती. आपल्या सूचनेप्रमाणे आम्ही त्या कूलरपासून दूर, आतल्या खोलीत ठेवल्या आहेत आणि आंबट वास येणाऱ्या निगेटिव्ह्ज वेगळ्या डब्यात आहेत.

एक विनंती आहे. कॉन्टॅक्ट प्रिंटवर नावे लिहून झाल्यावरही काही चेहरे आत्याला ओळखता आलेले नाहीत. त्या चौकटींची प्रत सोबत जोडली आहे. आपल्याकडे येणाऱ्या महाल आणि इतवारीतल्या जुन्या मंडळींना ती दाखवता आली तर कृपया दाखवावी. कोणी नाव सांगितल्यास कळवावे, मी स्वतः येऊन त्यांना भेटेन.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
आजोबांची थोरली नात
महाल, नागपूर