अथर्वला शपथ घालू नका

प्रिय आई आणि बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर दादा-वहिनी पण होते म्हणून मी जास्त बोलले नाही, पण तो विषय डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज सुट्टी आहे तर सविस्तर लिहितेय. दादाचा अथर्व ऑगस्टमध्ये इकडे कॅनडात, ओंटारिओत कॉलेजला येणार आणि दादाचं चाललंय की निघायच्या आधी त्याला देवासमोर उभं करून दारू-गांजाला हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची. प्लीज असं करू देऊ नका. काळजी मलाही आहे, मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नाइट ड्यूटी करते त्यामुळे जरा जास्तच आहे, आणि म्हणूनच सांगतेय.

बाबा, तुम्ही म्हणालात की तिकडे गांजा कायदेशीर आहे म्हणजे एवढा काही वाईट नसेल, आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग पितातच की. कायदेशीर आहे हे खरंय, १७ ऑक्टोबर २०१८ पासून, आणि आमच्या ओंटारिओत दारूसाठी आणि गांजासाठी दोन्हीला वय १९ लागतं, म्हणजे अथर्वला आल्या आल्या चालणार नाहीच. पण इथल्या दुकानातल्या पाकिटावर टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, २० टक्के आणि त्याच्या वरही छापलेलं असतं. भांगेवरून त्याचा अंदाज बांधू नका. आणि मला खरी भीती नुसत्या गांजाची नाहीये, नुसत्या दारूची पण नाही, दोन्ही एकाच रात्री घेण्याची आहे, आणि इथल्या पार्ट्यांमध्ये ते अगदी सर्रास चालतं. हातात बिअर असते आणि मध्येच कोणीतरी जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, फिरवतो किंवा गमीचं, म्हणजे गांजा घातलेल्या गोड गोळ्यांचं, पाकीट उघडतो.

मिक्स केल्यावर नशेची नुसती बेरीज होते असं पोरांना वाटतं. तसं नाहीये, पोटात दारू असेल तर तेवढ्याच गांजातून रक्तात जास्त टीएचसी चढतं, अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर लोकांना दोन्ही देऊन रक्त तपासलं होतं, २०१५ साली ते छापून आलं, त्यात हे स्वच्छ दिसलंय. म्हणजे ज्या पोराला एरवी दोन झुरक्यांनी काही होत नाही तोच दारूवर घेतल्यावर गरगरून खाली बसतो, घामाने निथळतो, छाती धडधडते, उभा राहायला गेला की बीपी पडून कोसळतो. आणि दुसरी गोष्ट आई तुला पटकन कळेल, कीमोच्या पेशंटना उलट्या थांबायला गांजापासूनची औषधं देतात ना, तेच इथे उलटतं. दारू जास्त झाली की शरीर ती ओकून टाकतं, गांजाने ते दाबलं जाऊ शकतं आणि दारू आत चढतच राहते. काहींना मात्र भयंकर उलट्या होतात आणि ते शुद्धीत नसतात, ते तर आणखी वाईट.

एक केस सांगते, कोण-कुठला ते नाही सांगत. आधी बिअर झाल्या, मग गमी खाल्ली. खाल्लेला गांजा चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, याला वाटलं काहीच होत नाहीये, म्हणून अजून एक खाल्ली आणि वर पीत राहिला, मग सगळं एकदम आलं. मित्रांनी त्याला पलंगावर उताणा टाकला, दार लोटलं आणि झोपला की उतरेल म्हणून निघून गेले. एक जण चार्जर घ्यायला परत आला आणि त्याला घशातून घरघर ऐकू आली, म्हणून तो पोरगा वाचला. आमच्याकडे आणला तेव्हा चेहरा पांढराफटक, टी-शर्ट उलटीने भिजलेला. त्या मित्राला मी विचारतेय काय घेतलंय, तो म्हणतो दोन बिअर, फक्त दोन बिअर, आणि एक हात सारखा जॅकेटच्या खिशात. चौथ्यांदा विचारलं तेव्हा खिशातून गमीचं पाकीट निघालं. व्हिसा जाईल म्हणून घाबरला होता आणि घरी कळेल म्हणून त्याहून जास्त.

शपथेला मी का नको म्हणतेय ते आता कळलं असेल. शपथ घेतलेला मुलगा ती मोडली की फोन करत नाही, तोंड लपवतो, आणि त्या रात्री लपवण्यात जो वेळ जातो तोच जिवावर बेततो. घेऊ नकोस हे जरूर सांगा, मी पण सांगणारच आहे. पण पुढचं पण सांगा, की घेतलंसच तर दोन्ही एकत्र कधीच नाही. कोणी हाका मारून उठत नसेल, श्वास हळू किंवा अडखळत असेल, तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि ९११, म्हणजे इथला इमर्जन्सीचा नंबर, लावायचा, आणि आम्हाला खरं काय घेतलंय ते सगळं सांगायचं. २०१७ पासून इथे कायदा आहे, ओव्हरडोससाठी मदत बोलावली तर बोलावणाऱ्यावर आणि तिथे असलेल्यांवर नुसतं ड्रग जवळ बाळगल्याची केस होत नाही, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं.

गाडीचं दादाने सांगावं, त्याचं तो ऐकतो. इथे २१ वर्षांपर्यंतच्या ड्रायव्हरच्या अंगात दारू किंवा गांजा थोडासुद्धा चालत नाही, आणि मोठ्यांसाठीसुद्धा दोन्ही एकत्र सापडले तर त्याची मर्यादा वेगळी धरलीये. २०१८ च्या डिसेंबरपासून नशेत गाडी चालवणं इमिग्रेशनच्या दृष्टीने गंभीर गुन्हा झालाय, शिक्षा झाली तर परत पाठवू शकतात. व्हिसा खरा जातो तो असा, मित्रासाठी ॲम्ब्युलन्स बोलावल्याने नाही.

आई, तू त्याच्याशी बोल. दादा ओरडतो, वहिनी रडते, तुझ्याजवळ तो मोकळा होतो. त्याला सांग की आत्याचा नंबर सेव्ह कर, रात्री तीनला लावला तरी चालेल, मी आधी विचारेन तू बरा आहेस का, बाकीचं दुसऱ्या दिवशी, आणि घरी सांगायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. आणि दादाला हे पत्र वाचायला द्या, माझ्याशी भांडायचं असेल तर रविवारी मी घरीच आहे.

तुमची,
मीनू