पालकांना टाळ्यांसाठी नको, कामासाठी बोलवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पालक शाळेकडे फिरकत नाहीत, अशी तक्रार करणारी पत्रं आपल्याकडे अधूनमधून वाचायला मिळतात. लिहिणारे बहुतेक शिक्षक असतात आणि त्यांचा त्रागा मला कळतो. पालकसभेला चाळीसपैकी नऊ जण आले की उरलेल्या रिकाम्या बाकांकडे बघवत नाही. मी शिक्षिका नाही, बाहुलीकार आहे. सतरा वर्षं शाळाशाळांत जाऊन मुलांबरोबर छायाबाहुल्यांचे खेळ बसवते. त्या कामातून मला जे दिसलं ते लिहिते आहे.

पहिली सहा-सात वर्षं मी चुकत होते. दहा दिवस मुलांबरोबर काम करायचं आणि अकराव्या दिवशी पालकांना खेळ दाखवायचा, अशी माझी पद्धत होती. पालक गर्दी करून यायचे. आपलं मूल पडद्यामागून बाहेर आलं की मोबाइल उंचावायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. पुढच्या पालकसभेला पुन्हा नऊच. हॉल भरला म्हणून मुख्याध्यापक खूश, मीही खूश. हॉल भरला म्हणजे पालक शाळेशी जोडले गेले असं होत नाही, हे मला एका दिव्यामुळे कळलं.

छायाबाहुलीचा सगळा खेळ दिव्यावर असतो. त्या वर्षी शाळेतून मिळालेल्या दिव्याने सावल्या फिकट पडत होत्या. बाहुलीची बोटं तर दिसतच नव्हती, हाताच्या जागी नुसता ढग दिसायचा. मी पडद्याचं कापड बदलून पाहिलं, उपयोग झाला नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, वर्गातल्या एका मुलाचे वडील वायरिंगची कामं करतात, विचारू का? आणि मग जरा कचरत, "पण येतील असं वाटत नाही. आजवर आपण त्यांना तक्रारीसाठीच बोलावलंय." मुलगा मारामाऱ्या करायचा, त्यामुळे वडिलांच्या दर महिन्याला फेऱ्या व्हायच्या.

ते आले. काम सुटल्यावर, खांद्यावर अवजारांची पिशवी तशीच. दारातच थांबले आणि पहिला प्रश्न केला, "आता काय केलं त्याने?" त्याने काही केलेलं नाही, आमचा दिवा जरा बघता का, असं म्हटल्यावर पिशवी खाली ठेवली. दिवा उलटा करून पाहिला. वर दुधी झाकण आणि आत चार बारीक दिवे. "उजेड पसरट आहे ताई. चार दिवे चार सावल्या पाडतात आणि त्या एकमेकींवर चढतात. तुम्हाला एकच ठिपका पाहिजे." त्यांनी पिशवीतला एक छोटा दिवा काढला, झाकणाविना लावला, आणि पडद्यावर बाहुलीची पाची बोटं उमटली. मुलं ओरडलीच. मग त्यांनी बाहुली दिव्याजवळ नेली तशी सावली छताला टेकली, पडद्याजवळ आणली तशी बाहुलीएवढीच झाली. "कशाने मोठी झाली? सांगा बघू." पुढची वीस मिनिटं मुलं पट्टी घेऊन दिव्यापासूनची अंतरं मोजत होती. विज्ञानाचे सर दारात उभे राहून हे पाहत होते. पुढच्या वर्षी प्रकाशाचा धडा आला तेव्हा त्यांनी स्वतःहून या गृहस्थांना वर्गावर बोलावलं.

आणि तो मुलगा? वायरचं वेटोळं छातीशी धरून वडिलांच्या मागे उभा होता. कुणी पुढे सरकलं की म्हणायचा, "थांबा, पप्पांनी अजून पिन काढली नाहीये." मारामाऱ्या त्यानंतरही झाल्या. पण वडिलांच्या नंबरवर शाळेतून आता दोन प्रकारचे फोन जाऊ लागले.

मला सांगायचं आहे ते एवढंच की पालक शाळेला घाबरतात. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांच्या मनात तर ऑफिसचं दार, समोरचं टेबल, 'बसा' न म्हणणारा आवाज हे सगळं अजून ताजं असतं. तिथे त्यांना विचारलं जातं, "तुमचं मूल असं का?" कलाकाराच्या हातात प्रगतिपुस्तक नसतं. त्याला पालकांच्या कसबाची खरोखर गरज असते, म्हणून तो विचारू शकतो, "तुम्हाला काय येतं?" या प्रश्नावर माणूस ताठ बसतो. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

हे माझंच निरीक्षण आहे असं नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात शिक्षणाचे अभ्यासक लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवलं. घरात काय कमी आहे ते मोजायला नाही, या घराला काय काय येतं ते शिकून यायला. शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार, घरगुती औषधं असं कितीतरी ज्ञान त्या घरांमध्ये निघालं आणि शिक्षकांनी त्यावर धडे उभे केले. 1992 साली त्यांनी हे मांडलं. त्या शिक्षकांनी वही-पेन घेऊन जे केलं तेच कलाकार कात्री, माती, ढोल घेऊन करू शकतो. उलट त्याला ते सोपं जातं, कारण हात कामात असले की माणसं बोलतात.

दिव्याच्या त्या प्रसंगानंतर मी गोष्ट घेऊन शाळेत जाणं सोडलं. आता मुलांना घरी विचारायला एक प्रश्न देते: आपल्या घरातलं या वस्तीत सगळ्यात आधी कोण आलं आणि येताना काय घेऊन आलं? उत्तरं एका ओळीत येतात आणि त्या ओळीतच नाटक असतं. घडीची खाट. बंद पडलेलं घड्याळ. शिवणयंत्र, तेही खालच्या पायाशिवाय, कारण पाय दुसऱ्या खेपेला आणायचा होता आणि दुसरी खेप झालीच नाही. एका मुलीने लिहून आणलं, "आजी काहीच घेऊन आली नाही." ही आजी रोज नातीला न्यायला अर्धा तास आधी येऊन फाटकापाशी बसायची. मी तिला आत यायचा आग्रह केला तर म्हणाली, "मी काय करणार? मला लिहायला येत नाही." मी तिच्या हातात काळा कागद आणि कात्री दिली आणि म्हटलं, ज्या घरातून निघालात ते घर कापा.

तिने पेन्सिल मागितली नाही. कागद एकदा दुमडला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि सरळ कापत गेली. दार, दाराबाहेर झाड, झाडाला टांगलेला झोका. कागद उलगडला तर झोके दोन निघाले, दोन्ही बाजूंना एकेक. आजी म्हणाली, "एकच होता," आणि एक झोका कापून टाकला. मग म्हणाली, "आम्ही बहिणी दोघी होतो. पाळी लावायचो." ही बहीण नातीला ठाऊक नव्हती. मुलांनी त्यावर जो प्रसंग बसवला त्यात एक झोका आणि दोन मुली आहेत, संवाद एकही नाही. सतरा वर्षांत माझ्या हातून याहून चांगलं काही बसलेलं नाही, आणि हे मी बसवलेलं नाही.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराचं नाव बालशिक्षणातल्या लोकांना परिचित आहे. तिथल्या बालशाळांची सुरुवात फारशी सांगितली जात नाही. 1945 साली महायुद्ध संपलं तेव्हा व्हिला चेल्ला या जवळच्या वस्तीतल्या लोकांनी, पळून जाणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी हे तरुण शिक्षक ते ऐकून सायकलवर बघायला गेले आणि त्या कामाचेच झाले. पुढे 1963 पासून रेज्जो एमिलियाच्या नगरपालिकेने बालशाळा सुरू केल्या. त्यांत मालागुझ्झींनी शिक्षकांच्या जोडीला कलाकार नेमले आणि त्यांच्या कामासाठी शाळेतच कार्यशाळेची जागा ठेवली. तो कलाकार वर्षातून एकदा येणारा पाहुणा नसतो, रोजचा माणूस असतो. आणि पालक तिथे पहिल्या विटेपासून आहेत.

आपल्याकडून मात्र अजून कलाकाराला एका दिवसासाठी बोलावलं जातं. सकाळी दहा ते एक, दोनशे मुलं, फोटो, प्रमाणपत्र. अशा कार्यशाळेतून पालकांपर्यंत काहीही पोचत नाही, मुलांपर्यंतही फारसं नाही. पहिला आठवडा तर ओळखीतच जातो, आणि तो गेलाच पाहिजे. वेल्समध्ये 2015 पासून तिथल्या कला परिषदेने आणि सरकारने मिळून चालवलेल्या योजनेत दोन वेगळी माणसं असतात. एक जण आधी शाळेबरोबर बसून नेमकी अडचण कोणती ते शोधतो, आणि मग त्या कामाला योग्य असे कलाकार मुलांबरोबर काम करतात. हा आधी बसण्याचा वेळ मला फार मोलाचा वाटतो. ज्या शाळेने मला शिक्षकांबरोबर दोन संध्याकाळी दिल्या तिथलं काम टिकलं. जिथे थेट मुलांसमोर उभं केलं तिथे माझ्या बाहुल्या आजही कपाटावर पडून असतील.

पैशाचंही बोललं पाहिजे. इंग्लंडमध्ये 2002 साली शाळा आणि कलाकारांना जोडणारा मोठा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. 2011 मध्ये निधी थांबला आणि कार्यक्रम बंद झाला. कलाकारावरचा खर्च नेहमी आधी कापला जातो, कारण तो जादाचा समजला जातो. कलाकाराला मानधन वेळेवर द्या, आणि त्याची गाठभेट निव्वळ एका उत्साही मुख्याध्यापकाच्या बदलीपर्यंत टिकेल अशी ठेवू नका. वर्गशिक्षकांनी पूर्ण वेळ सोबत असावं, हा तर माझा आग्रहच असतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हवंच, आणि मी निघून गेल्यावर पालकांना ओळखणारं कुणीतरी शाळेत उरावं म्हणूनही.

एक प्रसंग मनातून जात नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथे एका आईने तीन संध्याकाळी बसून आमचा पडदा शिवला होता. जोड मधोमध आला असता तर सावलीवर रेघ पडली असती, म्हणून तिने सगळा उसवून पुन्हा कडेला घेतला. प्रयोगाच्या दिवशी पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव होत्या. ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. आभार मानताना माझं नाव तीनदा आलं, तिचं एकदाही नाही. सगळे गेल्यावर ती पुढे आली, पडद्याची घडी घातली आणि म्हणाली, "धुवून आणते." मी तेव्हा माइक हातात घेऊन तिचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. त्यानंतर मी शाळेला आधीच सांगते की शेवटी कामाला लागलेल्या प्रत्येकाचं नाव मी स्वतः वाचणार, आणि खुर्च्या गोल मांडायच्या.

आपल्या दैनिकाला विनंती अशी की शाळांच्या कार्यक्रमांच्या बातम्या छापता तेव्हा प्रमुख पाहुण्यांबरोबर हेही विचारा: यात पालकांनी काय केलं? नुसता हा प्रश्न येणार हे कळलं तरी काही शाळा पालकांसाठी काम शोधायला लागतील.

पुढच्या महिन्यात माझं नवं काम सुरू होतं आहे. पहिल्या दिवशी मुलांना बोलावलेलं नाही. फक्त पालक, काळा कागद, कात्र्या आणि एक दिवा. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवली आहे, कारण त्या वस्तीतल्या बहुतेकांची शिफ्ट सातला सुटते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक बाहुलीकार