नुसतं ‘पाय दुखतात’ सांगू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्हा दोघांनाही मधुमेह आहे, तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: कुठे दुखतं, केव्हा, कसं आणि कशाने थांबतं. नुसतं ‘पाय दुखतात’ म्हटलं की साधी वेदनाशामक गोळी मिळते आणि दुखणं तिथेच राहतं.

तळवे जळजळणं, मुंग्या, सुया टोचणं, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा होणं, तेही दोन्ही पायांना सारखंच आणि बोटांपासून वर सरकणारं, हे नसांचं दुखणं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनचा इथे फारसा उपयोग नाही, मूत्रपिंडाला त्रास मात्र होऊ शकतो. याला प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. सुरुवात कमी डोसने होते आणि गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. मनाने एकदम बंद तर मुळीच करू नका. प्रीगॅबालिनचा डोस क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून ठरतो, म्हणून रिपोर्ट बरोबर न्या. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिनआधी तो सांगायलाच हवा. या गोळ्यांनी गुंगी येते. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा. आणि मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू आहे, शिवाय आपलं जेवण शाकाहारी, तेव्हा बी-१२ तपासून घ्या. ते कमी असलं तरी अशाच मुंग्या येतात.

पर्वती चढताना पोटरी आवळून येते आणि उभं राहिलं की काही मिनिटांत सुटते, असं होत असेल तर ते रक्तवाहिन्यांचं. तेल चोळून जाणार नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात, गुणोत्तर ०.९ किंवा कमी आलं तर रक्तपुरवठा कमी. मधुमेहात वाहिन्या कडक झाल्या की आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

आई, तुझा हात मागे ब्लाउजच्या हुकापर्यंत पोचत नाही, ते वयाचं म्हणून सोडून देऊ नकोस. मधुमेहात खांदा आखडणं नेहमीचं. फिजिओथेरपी लागेल. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंस तर पुढचे काही दिवस साखर वाढते, तेव्हा घरच्या मशीनवर ती रोज बघ.

मला खरी धास्ती न दुखण्याची आहे. संवेदना गेलेल्या पायाला सारसबागेतली दुपारची तापलेली फरशी कळत नाही, फोड संध्याकाळी मोज्याला डाग दिसल्यावर समजतो. दर्शनाला सकाळी लवकर जा. गरम पाण्याची पिशवी पायाशी नकोच. आंघोळीचं पाणी कोपराने बघा, पायाने नाही. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापू नका, त्यावरची औषधी पट्टीही लावू नका, कातडी जळते. रोज रात्री आईने बाबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) तपासणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

एकच पाय गरम, लाल, सुजलेला आणि फारसं दुखत नाही असं झालं, तर त्यावर भार देणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हाडं ढासळत असू शकतात आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. छातीचंही तसंच, मधुमेहात हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो. कळ नसताना अचानक दम लागला, गार घाम सुटला, तर ‘गॅस झाला’ म्हणत जिरं-ओवा खात बसू नका, १०८ लावा.

बी-१२ आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट आले की फोटो पाठवा.

तुमची,
माधवी