बाबा, त्या रॉकवेलच्या मशीनबद्दल

आई-बाबा, शि.सा.न.

बाबा, लकडगंजातल्या त्या जुन्या टेबल सॉचा (टेबलातून गोल पातं वर येणारी लाकूड कापायची मशीन) फोटो पाहून तुम्ही म्हणालात ना, प्लेटवर रॉकवेल आहे तर डोळे मिटून विकत घे, म्हणून मी कंपनीची कुंडलीच काढली. तर रॉकवेल हे तिचं माहेरचं नाव नाहीच. कंपनी मुळात डेल्टा, 1919 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला हर्बर्ट टाउट्झ नावाच्या माणसाने सुरू केली, घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्याला परवडतील अशा छोट्या मशीनी बनवायच्या म्हणून. 1939 ला त्यांनी युनिसॉ काढला, 10 इंची पातं, आणि तिरका काप घ्यायचा तर टेबल जागच्या जागी सपाट, खालून पातंच कलतं. तिरक्या टेबलावर फळी दाबून धरणं काय असतं ते तुम्हाला काय सांगू!

1945 मध्ये रॉकवेलने डेल्टा घेतली, 1981 ला पेंटेअरला विकली. म्हणजे आपली मशीन त्या मधल्या काळातली, चाळीस वर्षं तरी जुनी, विकणारा सेठ काहीही सांगून राहिला तरी. पुढे 2004 ला ब्लॅक अँड डेकर, मग 2010 मध्ये ते स्टॅनलीत मिळाले, आणि 2011 ला त्यांनी डेल्टा तैवानच्या चांग टाइपला देऊन टाकली. इतके मालक बदलल्यावर जुन्या मशीनचे पार्ट गोदामात सांभाळून ठेवण्यात कोणाला रस असणार, सांगा बरं. त्यामुळे कंपनीच्या नावावर मी एक रुपया जास्तीचा देणार नाही.

पण बिडाचं टेबल भारी आहे हो. बेअरिंग न् व्ही-बेल्ट इथे मिळून जातील (तिन्ही बेल्ट मात्र एकाच मापाचे, एकदमच बदलावे लागतात). खरी अडचण मोटरची, ती तिकडची 60 हर्ट्झची, आपल्याकडे लाइन 50 ची, म्हणजे पातं हळू फिरणार. व्हीएफडी (मोटरला जाणाऱ्या विजेचे हर्ट्झ बदलणारं यंत्र) लावला तर जमेल असं इलेक्ट्रिशियन म्हणतो, तो खर्च मी सेठच्या किमतीतून कापूनच बोलणार आहे.

तुम्ही रविवारी सकाळच्या एसटीने याच, टेबल सपाट आहे का ते पट्टी उभी धरून पहा, आर्बरला (पातं बसतं त्या दांड्याला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का तेही, मला त्यातलं तुमच्याइतकं कळत नाही. आई, तू पण ये, आणि येताना डबा नको आणू, इथेच जेवू.

तुमचा,
बंटी