कुडूसाठी कुठं जायचं?

प्रिटोरिया,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल वाचून फार आनंद झाला. ‘पुढच्या वर्षी शिकारीला नक्की येतो, जागा मात्र तू सांग’ असं तू लिहिलंस. इतकी वर्षं नुसतं बोलण्यात होतं ते आता खरंच होणार. फोनवर घाईत सांगण्याचा हा विषय नाही, म्हणून निवांत बसून लिहितोय. शिकार आयोजित करणाऱ्यांची तू पाठवलेली सगळी कोटेशन्स दोनदा वाचली. तुझी यादीही वाचली. कुडू, गेम्सबोक, न्याला, इम्पाला ही हरणं, झेब्रा, दोन्ही जातींचे विल्डबीस्ट, वॉर्टहॉग हे रानडुक्कर, आणि वर ‘जमलं तर’ म्हणून सेबल हरण.

सुहास, मला मनापासून वाटतं की ही यादी बाजूला ठेव. आधी एक जनावर ठरव. एकच मिळणार असेल तर कोणतं, याचं उत्तर मला पाठ आहे, कारण हॉस्टेलच्या गच्चीवर तू तेच नाव घ्यायचास. कुडू, ते पिळदार शिंगांचं मोठं हरण. एकदा हे नक्की झालं की कुठं जायचं याचं निम्मं उत्तर मिळतं. लोक उलट करतात. स्वस्त पॅकेज पाहून जागा ठरवतात आणि मग तिथं जे असेल ते मारून येतात.

टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे, मोझांबिक पहिल्या खेपेला नकोत. तिथला सगळा हिशेब म्हैस, बिबट्या, सिंह यांच्याभोवती बांधलेला असतो. रोजचा दर त्याच मापाचा, आणि प्लेन्स गेम, म्हणजे हरणं-झेब्रे वगैरे, हा त्यावरचा जोड. झांबियात बांगवेउलूच्या दलदलीतला काळा लेच्वे हे हरण दुसरीकडं कुठंच नाही, त्यासाठी एकदा जाऊच, पण नंतर. केनियात १९७७ पासून शिकार बंदच आहे. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली, पण तिथंही आता हत्तीच मुख्य. तुझ्यासाठी खरा प्रश्न दक्षिण आफ्रिका की नामिबिया एवढाच.

दक्षिण आफ्रिकेबद्दल आधी सांगतो, कारण तुझी बहुतेक कोटेशन्स इथलीच आहेत. हा एक प्रदेश नाही. लिम्पोपो म्हणजे बुशवेल्ड, काटेरी झुडपांचं दाट रान. उत्तम कुडू इथं आहेत, पन्नास इंचांच्या पुढची शिंगं इथं दिसतात. ईस्टर्न केपमध्ये डोंगर आणि दऱ्या, मलेरिया नाही, मुलांना घेऊन यायला सोपं. पण तिथला कुडू अंगानं आणि शिंगानंही लहान. फ्री स्टेट म्हणजे उघडं माळरान, तिथं ब्लेसबोक, काळा विल्डबीस्ट, स्प्रिंगबोक, आणि नेम लांबचा. नॉर्दर्न केपचं कलहारी म्हणजे लाल वाळू आणि गेम्सबोक. न्याला मूळचा क्वाझुलु-नातालच्या उत्तर भागातला, बाकी ठिकाणी तो बहुतेक नेऊन सोडलेला आहे. म्हणजे तुझी यादी एकाच फार्मवर पूर्ण करून देतो असं जो म्हणतो, त्यानं त्यातली बरीचशी जनावरं ट्रकनं आणलेली असणार.

इथंच खरी गोम आहे. १९९१ मध्ये इथं जंगली जनावरांच्या चोरीविरुद्धचा कायदा झाला. जमिनीला पुरेसं कुंपण असेल, तर आतल्या जनावरावरची मालकाची मालकी जनावर बाहेर पळालं तरी जात नाही. त्यानंतर गुरं काढून हरणं पाळणाऱ्या फार्मांची संख्या प्रचंड वाढली. त्यातून चांगलंही खूप झालं. जिथं फक्त गुरं चरायची तिथं आज कुडू, इम्पाला, जिराफ आहेत. कुंपण म्हटलं की नाक मुरडणाऱ्यातला मी नाही. दहा-बारा हजार हेक्टरच्या फार्मवर दिवसभर चाललास तरी कुंपण दिसत नाही, आणि तिथला कुडू तुला तितकाच दमवतो. मला राग आहे तो छोट्या फार्मांचा. लिलावात जनावर घ्यायचं, गिऱ्हाईक यायच्या आधी सोडायचं, आणि त्याला पाणवठ्याशी नेऊन उभं करायचं. जनावराला ते रान माहीत नाही, पळायच्या वाटा माहीत नाहीत. त्याला मी शिकार म्हणत नाही.

म्हणून लिम्पोपोच्या दोन्ही कोटेशनवाल्यांना थेट विचार. आतलं सलग क्षेत्र किती? इथले कुडू इथंच जन्मलेले आहेत का? शेवटचं जनावर विकत कधी आणलं? ज्याच्या दरपत्रकात काळा इम्पाला, सोनेरी विल्डबीस्ट असले मुद्दाम पैदास केलेले रंग असतील, त्याला नम्रपणे नकार दे. सरळ माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलतो आणि जमिनीबद्दल तासभर बोलतो.

आता माझं मत. तू नामिबियाला जा. आणि नामिबियातही उत्तरेकडच्या ओचिवारोंगो ते आउट्जो या गावांमधल्या पट्ट्यात.

कारणं सांगतो. तिथल्या बहुतेक फार्मांवर आजही गुरांचंच कुंपण आहे, छातीपर्यंत येईल एवढं, चार-पाच तारांचं. कुडू ते उभ्याउभ्या उडी मारून ओलांडतो. गेम्सबोक मान खाली घालून तारेखालून सरकतो. वॉर्टहॉग उकरून वाट करतो. जनावर आज या फार्मवर, उद्या शेजाऱ्याच्या. ते कुणी आणून सोडलेलं नाही. तिथं हे टिकलं कसं तेही ऐक. पूर्वी शेतकऱ्याला कुडू म्हणजे गुरांचा चारा खाणारा आगंतुक वाटायचा. १९६७ मध्ये आणि मग १९७५ च्या कायद्यानं जमीनमालकाला जनावरांवर हक्क मिळाला, तेव्हा तोच शेतकरी ती राखू लागला. नामिबियाच्या स्वातंत्र्यानंतर, १९९६ मध्ये, सामायिक जमिनीवर राहणाऱ्या गावांनाही तोच हक्क दिला गेला. १९९८ मध्ये पहिल्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे जनावरं राखणाऱ्या गावांच्या संस्था, नोंदल्या गेल्या, आज त्या ऐंशीच्या वर आहेत. शिकारीचा पैसा आणि मांस थेट त्या गावांना जातं.

जनावर मारायचंच कशाला, या अनघावहिनींच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं, आपल्याकडं राखायला फार थोडं उरलं होतं. इथली परिस्थिती वेगळी आहे. कुडूला किंमत आहे म्हणून त्याच्यासाठी रान ठेवलं जातं. तू म्हातारा नर मारशील, त्याचं मांस त्याच दिवशी फार्मवरच्या माणसांत वाटलं जाईल, आतडीसुद्धा वाया जात नाहीत. हे वहिनींना पटलंच पाहिजे असं नाही. त्यांनी प्रत्यक्ष येऊन पाहावं असं मात्र मला फार वाटतं.

बाय द वे, कुनोमध्ये सप्टेंबर २०२२ ला पहिले आठ चित्ते आले ते नामिबियातूनच. ओचिवारोंगोच्या आसपासची ही फार्म म्हणजे चित्त्यांचंच रान. आणि आपल्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले जायचे, हे तू आजोबांकडून ऐकलंच असशील.

शिकार कशी असते ते सांगतो, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. पहाटे उघड्या गाडीतून निघायचं. एखाद्या कोरड्या नाल्याच्या वाळूत ताजा माग दिसला की उतरायचं. पुढं माग काढणारा, मग तुझा प्रोफेशनल हंटर, म्हणजे सोबतचा वाटाड्या शिकारी, आणि त्याच्या पाठोपाठ तू. आउट्जोच्या बाजूला दामारा जमातीच्या ज्या माणसाबरोबर मी चाललो, तो दर थोड्या वेळानं मुठीतली राख भुरभुरायचा आणि वारा बघायचा. लेंडी बोटानं फोडून आत ओल आहे का पाहायचा. खुराच्या ठशात मुंगीनं वाळू ओढली असेल तर मान हलवून पुढं. तासन्तास काहीच नाही. मग तो हात खाली करतो आणि सगळे थांबतात. मोपानीच्या झाडीत तुला काहीच दिसत नाही. दुर्बिणीतून एक कान हलतो. मग पाठीवरचा एक पांढरा पट्टा, मग शिंगाचा एक वळसा. जिथं मघाशी सावली होती तिथं अख्खा कुडू उभा असतो. तीन पायांची काठी समोर रोवली जाते, रायफल त्यावर ठेवायची, आणि नंतर मिळतात ते चार-पाच सेकंद.

म्हणून सराव काठीवर उभं राहून कर. तिकडं टेक्सासमध्ये तू मचाणातल्या खुर्चीत बसून, कोपर टेकवून बार टाकतोस. त्याचा इथं उपयोग नाही. आजच तिपाई काठी माग आणि रेंजवर बेंचला हात लावू नकोस. शंभर मीटरवर ताटलीएवढ्या निशाणावर उभ्यानं दर वेळी लागलं पाहिजे, श्वास फुललेला असतानासुद्धा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिकडच्या व्हाइटटेल हरणाला तू फऱ्याच्या मागं मारतोस. आफ्रिकेतल्या जनावरांचं काळीज खाली आणि पुढं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध असतं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेघ सरळ वर घे आणि अंगाच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धर. तुझ्या सवयीच्या जागी गोळी गेली तर गेम्सबोक मैलोन्‌मैल चालतो. त्याचे हाल होतात, माग काढणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि एक थेंब रक्त सांडलं की जनावर सापडो न सापडो, पूर्ण पैसे द्यावे लागतात. जखमी गेम्सबोकजवळ कधीही घाईनं जायचं नाही, त्याची शिंगं भाल्यासारखी चालतात.

तुझी थर्टी-ओ-सिक्स रायफल उत्तम आहे, नवीन काही घेऊ नकोस. नामिबियात कुडू आणि गेम्सबोकसाठी गोळीची ताकद किमान २७०० जूल लागते, तुझी त्याच्या बरीच वर आहे. १८० ग्रेन वजनाची, आत फुटून न विखुरणारी चांगली गोळी घे. सेमी-ऑटोमॅटिक मात्र घरीच ठेव. निघण्याआधी रायफल घेऊन अमेरिकन कस्टम्सच्या ऑफिसात जा आणि रायफलीची नोंद करणारा ४४५७ नंबरचा फॉर्म शिक्का मारून आण, त्याशिवाय परत येताना त्रास. नामिबियात परवाना विंडहुकच्या विमानतळावरच पोलीस देतात. दक्षिण आफ्रिकेत उतरणार असशील तर पोलिसांचा एसएपीएस ५२० हा बंदुकीचा फॉर्म लागतो. तो आधी भरून ठेव, पण सही अधिकाऱ्यासमोरच करायची. तिकीट काढण्याआधी प्रत्येक विमान कंपनीकडून बंदुकीची लेखी परवानगी घे. तुम्हा अमेरिकन पासपोर्टवाल्यांना १ एप्रिल २०२५ पासून नामिबियाचा व्हिसाही लागतो, तो ऑनलाइन काढून ठेवलेला बरा.

तिथला हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. तू जून-जुलै धर. पानं गळून रान उघडं होतं, गवत बसतं, साप कमी. सकाळी थंडी मात्र हाडं गोठवणारी असते, पारा शून्याजवळ जातो. जाड जाकीट, हातमोजे, कानटोपी घे.

नामिबियातल्या फार्मवाल्यालाही दोन प्रश्न विचारच. पाऊस कसा झाला, कारण २०२४ चा दुष्काळ फार वाईट होता आणि त्यातून रान सावरायला वेळ लागतो. आणि कुडूंमध्ये रेबीज आला होता का. १९७७ पासून तिथल्या कुडूंमध्ये ही साथ अधूनमधून येते आणि कळपच्या कळप कमी करून जाते. प्रामाणिक माणूस खरं सांगेल, आणि ‘या वर्षी नको’ असंही म्हणेल. असा माणूस सापडला तर त्याला सोडू नकोस.

पैशांचं थोडक्यात. रोजचा दर वेगळा, प्रत्येक जनावराची फी वेगळी. कोटेशनमध्ये जे नसतं तेच शेवटी अंगावर येतं. कातडी-शिंगं औषधात बुडवून, पॅक करून पाठवण्याचा खर्च आधी लेखी माग. वॉर्टहॉग अमेरिकेत न्यायचा तर त्याची वेगळी प्रक्रिया असते. मांस नेताच येत नाही. टीपचे पैसे बाजूला ठेव, आणि त्यात माग काढणाऱ्याला विसरू नकोस. एका शिकाऱ्यामागं एक प्रोफेशनल हंटर हवा, दोघांत एक नको.

शिकार कुडू आणि गेम्सबोक एवढ्यावरच ठेव. वाटेत म्हातारा वॉर्टहॉग भेटला तर ठीक. झेब्रा मारायचाच असेल तर हार्टमनचा पहाडी झेब्रा आहे, पण त्याला तुमच्याकडं वेगळा परवाना लागतो, यंदा त्यात पडू नकोस. न्याला आणि सेबल पुढच्या वेळी, जिथं ते मूळचे आहेत तिथं.

शिकार झाली की वहिनी आणि आर्या आउट्जोला येऊ देत, तिथून एटोशा राष्ट्रीय उद्यान गाडीनं अगदी जवळ. हिवाळ्यात पाणवठ्यांवर हत्तींपासून स्प्रिंगबोकपर्यंत सगळं एका जागी दिसतं. मलेरियाचा धोका त्या महिन्यांत कमी असतो, तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नामिबियाच्या कोटेशनवाल्याला मी ओळखत नाही, पण त्याचं फार्म नकाशावर पाहिलं, जागा बरोबर आहे. मागच्या गिऱ्हाइकांपैकी दोघा-तिघांचे फोन नंबर त्याच्याकडून माग आणि स्वतः बोल. जूनच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळं महिनाअखेर कळव, म्हणजे मलाही रजा टाकता येईल. मी रायफल आणणार नाही, फक्त तुझ्यामागं चालणार.

काकूंना नमस्कार सांग. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं तेही लिही.

तुझाच,
विनायक